अनेक निवेदकांची कौटुंबिक कादंबरी वाचनगटासाठी कशी निवडावी

वाचनगटात कौटुंबिक कादंबरी घेतली की चर्चा चांगली होते, असा एक समज आहे आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे, कारण घर, भावंडे, वाटण्या, लग्ने आणि आजारपणे यांविषयी प्रत्येकाला काही ना काही म्हणायचे असते. मात्र एकाच निवेदकाने सांगितलेल्या कादंबरीवर बोलताना गट नकळत त्या निवेदकाच्या बाजूला झुकतो, त्याच्या दुःखाशी समरस होतो आणि लवकरच सर्वांचे एकमत होऊन बोलणे थांबते. तीच घरातली गोष्ट दोघातिघांच्या तोंडून आली तर प्रत्येक वाचकाला कोणावर किती विश्वास ठेवायचा हे स्वतः ठरवावे लागते, आणि हा निर्णय सर्वांचा सारखा होत नाही. वाचनगटासाठी या प्रकारच्या कादंबरीचे खरे मोल इथे आहे.

त्यामुळे निवड करताना निवेदक किती आहेत याला फारसे महत्त्व देऊ नये. त्यांच्यात तंटा कशावरून आहे आणि त्या घरातल्या कोणाला बोलायला मिळालेले नाही, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन प्रश्नांभोवती रचलेल्या आहेत.

आधी प्रकार नीट ओळखावा

कौटुंबिक कादंबऱ्यांत ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात आणि मलपृष्ठावरचा मजकूर वाचून ते वेगळे ओळखता येत नाहीत. पहिल्या प्रकारात लेखकच सर्वज्ञपणे अनेक पिढ्यांची हकिकत सांगतो. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही 1987 साली दोन खंडांत आलेली कादंबरी याचे ठळक उदाहरण आहे. तिच्यात माणसांची रेलचेल असली तरी सांगणारा एकच आहे. दुसऱ्या प्रकारात निवेदन तृतीयपुरुषी असते, पण प्रत्येक भाग एकेका व्यक्तीला चिकटून चालतो. कामिला शम्सी यांच्या ‘होम फायर’ (2017) या कादंबरीचे पाच भाग पाच जणांच्या मागे जातात, तरी ‘मी’ म्हणून त्यांतले कोणीच बोलत नाही. तिसऱ्या प्रकारात पात्रे आळीपाळीने स्वतःच्या तोंडाने बोलतात. अनेक निवेदकांची कादंबरी म्हणतात ती हीच.

हा भेद आधी करण्याचे कारण व्यवहाराचे आहे. दुसऱ्या प्रकारात पात्राची चूक किंवा लपवाछपवी लेखक स्वतः वाचकाच्या नजरेस आणून देऊ शकतो. तिसऱ्यात मात्र पात्र स्वतःची बाजू मांडत असते आणि त्याचे खोटे पकडण्याचे काम पूर्णपणे वाचकावर पडते. गटातले सभासद मुरलेले वाचक असतील तर तिसरा प्रकार थेट घ्यावा. बरेच जण नव्याने वाचायला लागले असतील तर आधी दुसऱ्या प्रकारातले एखादे पुस्तक घेऊन पुढच्या खेपेस तिसऱ्याकडे वळणे सोयीचे पडते. काही पुस्तके दोन प्रकारांच्या मधोमध असतात. हान कांग यांच्या ‘द व्हेजिटेरियन’ या मूळ कोरियन कादंबरीचा (2007) पहिला भाग नवरा स्वतः सांगतो, तर मेहुणा आणि बहीण यांच्याभोवती फिरणारे पुढचे दोन भाग तृतीयपुरुषी आहेत. असे पुस्तक घेण्यात काहीच अडचण नाही. फक्त त्याची रचना सुचवणाऱ्याने आधी सांगून ठेवावी.

घरच्या फडताळापासून सुरुवात

हा प्रकार परदेशी आहे आणि त्यासाठी इंग्रजी पुस्तकेच शोधावी लागतील, असे समजण्याचे कारण नाही. मराठी वाचकाने तो शाळा-कॉलेजच्या वयातच वाचलेला असतो, फक्त त्या नजरेने पाहिलेला नसतो. वि. स. खांडेकरांची 1959 सालची ‘ययाति’ ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघे मिळून सांगतात. पुराणातले नाव बाजूला ठेवले तर ती एका बिनसलेल्या संसाराची गोष्ट आहे: नवरा, बायको, त्याच घरात राहणारी दुसरी स्त्री आणि बापाच्या हव्यासाची किंमत मोजणारा मुलगा. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (1967) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण सांगतात आणि त्यांत आई, बायको व धाकटा भाऊ आहेत. कर्णाचा शेवट कर्णाला सांगता येणार नाही, म्हणून निवेदन अखेरीस श्रीकृष्णाकडे जाते. सूत्र कोणाकडून कोणाकडे आणि का गेले, हे शिकण्यासाठी इतके सोपे उदाहरण दुसरे नाही.

आजच्या शहरी घरातली गोष्ट हवी असेल तर सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) घ्यावी. पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट म्हणून राहायला आलेल्या तरुणावर तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण दोघेही प्रेम करतात. पहिला भाग तनयचा आहे आणि तो निघून गेलेल्या त्या माणसाला उद्देशून बोलतो. दुसरा अनुजाचा आहे आणि तो डायरीसारखा चालतो. पुस्तक छोटेखानी आहे, निवेदक दोनच आहेत आणि दोन्ही भाग एकाच घरात, एकाच माणसाभोवती फिरतात. पहिल्यांदाच असे पुस्तक घेणाऱ्या मराठी गटाला मी सर्वांत आधी हेच सुचवीन, अर्थात पुढे नाजूक विषयांबद्दल जे म्हटले आहे ते ध्यानात ठेवून.

आणि रवींद्रनाथ टागोरांची ‘घरे-बाइरे’. 1916 सालची ही बंगाली कादंबरी वाचनगटांनी जितकी घ्यायला हवी तितकी घेतलेली मला दिसत नाही. तिचे प्रत्येक प्रकरण बिमला, निखिलेश किंवा संदीप यांपैकी एकाची ‘आत्मकथा’ म्हणून येते. जमीनदार निखिलेश, त्याची पत्नी बिमला आणि स्वदेशी चळवळीचा पुढारी म्हणून घरात उतरलेला मित्र संदीप यांची ही गोष्ट वंगभंगानंतरच्या बंगालात घडते. पुढची पायरी याच पुस्तकाच्या आधाराने समजावून घेऊ.

एकच घटना किती तोंडांतून येते

पुस्तक हातात घेतल्यावर पहिले काम हे की, दोन किंवा अधिक निवेदकांना ज्यावर बोलावेच लागते अशी एखादी घटना किंवा प्रश्न शोधावा. तो सापडला नाही तर निवेदक कितीही असोत, त्या एकाच बांधणीत घातलेल्या सुट्या कथा असतात आणि चर्चाही सुटी-सुटी होते.

‘घरे-बाइरे’त हा प्रश्न विदेशी मालाचा आहे. निखिलेशने आपल्या जमीनदारीतल्या बाजारातून विदेशी कापड हटवावे, असे संदीपला हवे आहे आणि त्याच्या भारावलेल्या शब्दांनी पेटून बिमलाही नवऱ्याकडे तीच मागणी करते. निखिलेश नकार देतो. बिमलाचा भाग वाचताना तो नकार मिळमिळीत वाटतो; हा माणूस देशासाठी साधे बाजाराचे दार बंद करू शकत नाही, असे तिच्याबरोबर आपणही म्हणू लागतो. मग निखिलेशचा भाग येतो आणि विदेशी कापड विकून पोट भरणारे गरीब विक्रेते व रयत दिसू लागते. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही नाही त्याच्यावर देशप्रेमाची सक्ती करणे निखिलेशला अन्याय वाटते. संदीपच्या भागात तर तो स्वतःच उघडपणे सांगतो की, जे हिसकावून घेता येते तेच खरे आपले. हे वाचल्यावर बिमलाच्या भागातली संदीपची भाषणे पुन्हा काढून वाचावीशी वाटतात, आणि शब्द तेच असूनही ती वेगळी ऐकू येतात.

गटात नेमके हेच व्हायला हवे. एका सभासदाने निखिलेशला भित्रा म्हणावे, दुसऱ्याने न्यायी म्हणावे, आणि दोघांनाही आपापली पाने उघडून दाखवता यावीत. म्हणून पुस्तक सुचवणाऱ्याकडून गटाने एवढेच मागावे: ‘या पुस्तकात एकापेक्षा अधिक जणांनी सांगितलेली एक घटना कोणती, ती कोणकोणत्या प्रकरणांत आहे?’ ज्याला याचे उत्तर देता येते त्याने पुस्तक चर्चेच्या दृष्टीने वाचलेले असते. ज्याला येत नाही त्याला ते आवडलेले असते, आणि आवडणे हे स्वतः वाचण्यासाठी पुरेसे कारण असले तरी गटाच्या निवडीसाठी ते अपुरे आहे.

इथे एक सावधगिरी बाळगावी. काही कादंबऱ्यांत दुसरा निवेदक पहिल्याने सांगितलेलेच पुन्हा सांगतो, फक्त खिडकीच्या दुसऱ्या बाजूने. वाचकाच्या माहितीत त्यामुळे भर पडते, परंतु त्याने आधी बांधलेले मत जागचे हलत नाही. दुसरा भाग वाचून पहिल्या निवेदकाविषयीचे मत बदलते का, हे सुचवणाऱ्याला विचारावे. बदलत नसेल तर दुसरे पुस्तक पाहावे.

कोण बोलत नाही

चांगल्या बहुनिवेदकी कादंबरीत ज्याला प्रकरण मिळालेले नाही तो माणूस बहुधा सर्वांत महत्त्वाचा असतो. ‘कोबाल्ट ब्लू’तल्या पेइंग गेस्टला स्वतःचे निवेदन नाही, इतकेच काय नावही नाही. ‘द व्हेजिटेरियन’ ज्या येओंग-हेच्या मांस सोडण्यावरून सुरू होते, तिच्या वाट्याला स्वप्नांचे काही तुकडे सोडले तर बोलणेच आलेले नाही. तिच्याविषयी नवरा, मेहुणा आणि बहीण यांनाच कळते, किंवा कळल्यासारखे वाटते. ओरहान पामुक यांच्या ‘सायलेंट हाउस’मध्ये 1980 च्या उन्हाळ्यात इस्तंबूलजवळच्या एका जुन्या घरात आजीकडे नातवंडे येतात. म्हातारी फातमा, तिचा बुटका नोकर रेजेप, नातू फारुक व मेतिन आणि उजव्या गटात ओढला गेलेला हसन हे पाच जण बोलतात, पण जिच्याभोवती सगळे फिरते ती नात निलगुन बोलत नाही. बार्बरा किंगसॉल्व्हर यांच्या ‘द पॉयझनवुड बायबल’ (1998) मध्ये 1959 साली अमेरिकेतल्या जॉर्जियाहून बेल्जियन काँगोत गेलेल्या धर्मोपदेशकाची बायको आणि चार मुली अशा पाच जणी बोलतात. ज्याच्या हट्टापायी त्या तिथे पोहोचल्या त्या नेथन प्राइसला मात्र लेखिकेने एकही प्रकरण दिलेले नाही.

हे मौन दोन तऱ्हांचे असते आणि निवड करताना ते ओळखावे. येओंग-हे किंवा निलगुन यांचे मौन त्यांच्यावर लादलेले आहे. घरातले लोक त्यांच्या वतीने बोलतात आणि वाचकाला त्याची चीड येते. नेथनचे मौन म्हणजे लेखिकेने दिलेला निकाल आहे. आयुष्यभर व्यासपीठावरून बोललेल्या माणसाला तिने इथे गप्प बसवले आहे. पहिल्या तऱ्हेच्या पुस्तकावर बोलताना गट हळवा होतो, तर दुसऱ्या तऱ्हेच्या पुस्तकावर वाद घालतो की लेखिकेने बापावर अन्याय तर केला नाही. दोन्ही चर्चा मोलाच्या आहेत. मागचे पुस्तक कोणत्या तऱ्हेचे होते ते आठवून या वेळी दुसरी तऱ्हा घ्यावी.

याला एक सुंदर अपवाद आहे. शिन क्युंग-सूक यांच्या ‘प्लीज लुक आफ्टर मॉम’ (2008) या कोरियन कादंबरीत मुलांकडे सोल शहरात आलेली म्हातारी आई स्टेशनच्या गर्दीत हरवते. मुलगी, मुलगा आणि नवरा यांच्या आठवणींतून ती आपल्याला समजत जाते, आणि शेवटाकडे ती स्वतः ‘मी’ म्हणून बोलते. मुलीच्या आणि नवऱ्याच्या भागांत त्यांना ‘तू’ म्हणून संबोधले आहे, त्यामुळे वाचकालाच कोणी जाब विचारत आहे असे वाटते. आई-वडील गावी आणि मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात, अशी घरे आपल्याकडे जागोजागी आहेत. या पुस्तकावर आपल्या गटांना बोलायला शिकवावे लागत नाही.

शीर्षक झाकून वाचण्याची चाचणी

आवाज वेगळे आहेत की नुसती नावे वेगळी आहेत, हे तपासायला फार वेळ लागत नाही. दोन निवेदकांची प्रत्येकी दोन-दोन पाने काढावीत, वरचे नाव कागदाने झाकावे, पात्रांची नावे गाळावीत आणि ज्याने पुस्तक वाचलेले नाही अशा सभासदाला ती मोठ्याने वाचून दाखवावीत. माणूस बदलला हे त्याला कळले पाहिजे. कळण्याच्या खुणा निरनिराळ्या असतात: वाक्याची लांबी, शपथा आणि तक्रारी, माणूस कशाकडे पाहतो (पैशाकडे, शरीराकडे, देवाकडे की हवामानाकडे), आणि कोणती गोष्ट सांगायचे टाळतो.

विल्यम फॉकनर यांची ‘ॲज आय ले डाइंग’ (1930) या चाचणीची कमाल मर्यादा मानावी. मिसिसिपीतले एक गरीब शेतकरी कुटुंब आईचे शव गाडीत घालून तिच्या इच्छेप्रमाणे जेफरसन गावी पुरायला नेते. 59 छोट्या प्रकरणांत 15 जण बोलतात. सात जण घरचे, आठ बाहेरचे, आणि घरच्या सातांत मृत आईही आहे. धाकट्या वार्डामानचे एक प्रकरण अवघ्या एका वाक्याचे आहे: माझी आई मासा आहे. आवाज इतके वेगळे आहेत की नाव झाकूनही माणूस ओळखू येतो, पण प्रवासात काय चालले आहे हे समजायला बरीच पाने जावी लागतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या गटाला हे पुस्तक देऊ नये. चार-पाच वर्षे एकत्र वाचलेल्या गटाला मात्र अवश्य द्यावे आणि पहिली 50 पाने एकत्र बसून वाचावीत.

उलट टोकाला ‘ययाति’ आहे. तिथे तिघांच्याही तोंडी खांडेकरांचीच अलंकृत, उपमांनी भरलेली भाषा आहे. नाव झाकले तर काही परिच्छेद कोणाचे हे सांगणे अवघड जाईल. तरीही मी ते पुस्तक बाद करणार नाही. भाषेने वेगळी न होणारी ती माणसे मागण्यांनी वेगळी होतात: ययातिला सुख हवे आहे, देवयानीला मान हवा आहे आणि शर्मिष्ठेला प्रेम. चाचणीत नापास झालेल्या पुस्तकाला म्हणूनच हा दुसरा प्रश्न विचारावा, की या माणसांना एकमेकांपासून वेगळे असे काय हवे आहे. त्याचे उत्तरही मिळाले नाही तर पुस्तक खुशाल खाली ठेवावे.

अनुवाद घेताना ही चाचणी अनुवादाच्या पानांवरच करावी, मूळ पुस्तकाच्या कीर्तीवर विसंबू नये. ‘द पॉयझनवुड बायबल’मधली थोरली रेचेल इंग्रजी शब्द चुकीचे वापरते आणि जुळ्यांपैकी एडा उलटसुलट सारखी वाचता येणारी वाक्ये रचते, असली भाषा दुसऱ्या भाषेत आणताना अनुवादकाची कसोटी लागते, आणि घाईत केलेल्या अनुवादात पाचही जणी एकाच सुरात बोलू लागण्याचा धोका असतो. गटातले निम्मे सभासद मूळ इंग्रजी आणि निम्मे मराठी अनुवाद वाचणार असतील तर एकच उतारा दोन्हींतून वाचून पाहावा. ऑडिओबुक ऐकणाऱ्यांनी प्रत्येक निवेदकाला वेगळा वाचक दिला आहे की सगळे एकाच आवाजात आहे, हे नमुना ऐकून ठरवावे.

पाने, प्रती आणि वेळ

नोकरी आणि घर सांभाळून वाचणाऱ्याची गती रोज 15 पाने धरावी. महिन्याने भेटणाऱ्या गटाला त्या हिशेबाने 450 पानांपर्यंतचे पुस्तक एका बैठकीसाठी चालते, पण अनेक निवेदकांच्या कादंबरीत मागे वळून पाहावे लागते, म्हणून 300 पानांच्या आसपास थांबणे बरे. ‘मृत्युंजय’सारखे जाडजूड पुस्तक घ्यायचे असेल तर दोन किंवा तीन बैठका धराव्यात, आणि तुकडे पानांच्या संख्येवर न पाडता निवेदक जिथे बदलतो तिथे पाडावेत. एखाद्याचे बोलणे मध्येच तोडून बैठक घेतली तर त्याच्यावर निकाल देण्याची घाई होते.

प्रतींची सोय निवडीच्या आधी करावी, नंतर नव्हे. गावातल्या किंवा तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात एका पुस्तकाच्या सहसा एक-दोनच प्रती असतात. तेव्हा किती जण विकत घेणार, किती जण ग्रंथालयाची प्रत आळीपाळीने वाचणार आणि किती जण ई-बुक घेणार याचा अंदाज मतदानापूर्वीच घ्यावा. प्रकाशकाकडे आवृत्ती उपलब्ध आहे ना, हे फोन करून विचारलेले बरे, कारण मराठीत चांगली पुस्तकेही मधली काही वर्षे बाजारात नसतात. संपूर्ण पुस्तकाच्या झेरॉक्स काढून वाटू नयेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. खांडेकर 1976 मध्ये गेले, म्हणजे त्यांचे लेखन अजून हक्काखाली आहे. टागोरांचे मूळ बंगाली लेखन मुक्त झाले असले तरी त्याच्या अलीकडच्या अनुवादांवर अनुवादकांचा स्वतंत्र हक्क असतो.

नाजूक विषय आधी सांगावेत

कौटुंबिक कादंबरीत जे घडते ते गटातल्या कोणाच्या तरी घरी घडलेले असते, आणि ते कोणाच्या घरी हे निवडणाऱ्याला ठाऊक नसते. सुचवणाऱ्याने म्हणून पुस्तकातल्या जड गोष्टी मतदानापूर्वी दोन वाक्यांत सांगाव्यात: मुलाचा मृत्यू, आत्महत्या, घरातली मारहाण, लैंगिक जबरदस्ती, मानसिक आजार, समलैंगिक प्रेमाकडे घराने फिरवलेली पाठ. ‘द व्हेजिटेरियन’मध्ये घरातलीच माणसे मुलीवर बळजबरी करतात; ‘कोबाल्ट ब्लू’तल्या भावंडांच्या वाट्याला घरच्यांचे न समजणे येते. कथानक फुटेल या भीतीने हे लपवू नये. कोण, कधी आणि कसे हे सांगायचे नसते. काय आहे एवढेच सांगायचे असते.

विषय जड आहे म्हणून पुस्तक टाळावे, असे मात्र मी म्हणणार नाही. अनेक निवेदकांची कादंबरी अशा विषयांना उलट सोयीची पडते, कारण सभासदाला स्वतःच्या घराबद्दल काहीच न बोलता ‘मला अनुजाचे पटते, तनयचे नाही’ इतके म्हणून आपले मत मांडता येते. ज्याला तेवढेही जड जाईल त्याला त्या महिन्यापुरते बाहेर राहण्याची मुभा असावी आणि त्याचे कारण कोणी विचारू नये.

तीन पुस्तके, मग मतदान

आता निवडीची प्रत्यक्ष पद्धत. तिघा सभासदांनी प्रत्येकी एक पुस्तक सुचवावे आणि ते स्वतः शेवटपर्यंत वाचलेले असावे. परीक्षणे वाचून सुचवलेले पुस्तक या प्रकारात हमखास अंगाशी येते, कारण परीक्षणात गोष्ट कळते, आवाज कळत नाहीत. प्रत्येकाने एका पानाचे टिपण करावे. त्यात निवेदकांची नावे व परस्पर नाते, एकाहून अधिक तोंडांतून आलेली एक घटना, न बोलणारी व्यक्ती, पाने, उपलब्ध भाषा, किंमत आणि जड विषय इतके असावे. कथानकाचा सारांश नसावा.

मग इतर सभासदांनी तिन्ही पुस्तकांची सुरुवातीची पाने वाचावीत, पण निवेदक पहिल्यांदा जिथे बदलतो त्याच्या पुढे किमान दहा पाने जावीत. पहिला निवेदक सर्वांना आवडतोच, कारण लेखकाने दार उघडायला त्यालाच पाठवलेले असते. कादंबरी पेलते की नाही हे दुसरा बोलू लागल्यावर कळते: त्याचे बोलणे ऐकताना पहिल्याकडे परत जाण्याची घाई होत असेल तर दुसरा आवाज कच्चा आहे, आणि पहिल्याविषयी शंका येऊ लागली असेल तर पुस्तक योग्य आहे.

मतदान हात वर करून घेऊ नये. मोठ्या आवाजाचा सभासद जिंकतो. चिठ्ठीवर प्रत्येकाने पहिली आणि दुसरी पसंती लिहावी, पहिलीला दोन आणि दुसरीला एक गुण द्यावा. कोणाला एखादे पुस्तक अजिबात नको असेल तर त्याने तेही लिहावे, आणि तिघांहून अधिकांनी नको म्हटलेले पुस्तक गुण जास्त असले तरी घेऊ नये.

निवड झाल्यावर

घरातल्या माणसांचा एक पानाचा वंशवृक्ष सर्वांना द्यावा. त्यात नाव, नाते आणि कादंबरीच्या सुरुवातीचे वय एवढेच लिहावे. पुढे कोण मरतो, कोणाचे लग्न होते हे लिहू नये. पुस्तकात छापील वंशवृक्ष असेल तर तो वाटण्यापूर्वी नीट पाहावा, कारण काही आवृत्त्यांत त्यावरूनच पुढची गोष्ट उघड होते.

सर्वांनी सर्व पुस्तक वाचायचे आहेच, शिवाय प्रत्येक निवेदकाची जबाबदारी दोन सभासदांवर सोपवावी. त्यांनी आपल्या निवेदकाविषयी तीन गोष्टी टिपून आणाव्यात: तो कोणाशी बोलतो आहे, त्याने कोणती गोष्ट उशिरा सांगितली, आणि दुसऱ्या कोणी सांगितलेल्या कोणत्या गोष्टीशी त्याचे म्हणणे जुळत नाही. यांपैकी पहिला प्रश्न साधा दिसतो, पण तोच सर्वांत जास्त देतो. तनय एका विशिष्ट माणसाशी बोलतो आणि अनुजा कागदाशी बोलते, एवढे ध्यानात आले की दोघांच्या प्रामाणिकपणातला फरक उलगडू लागतो. शक्य असेल तर निवेदकाचे वय किंवा स्वभाव ज्याच्याशी जुळतो त्याला तो निवेदक देऊ नये. सासूबाईंचे वय असलेल्या सभासदाने घरातल्या तरुण मुलाची बाजू सांभाळली की बैठकीत कोणी स्वतःचे गाऱ्हाणे मांडत बसत नाही.

बैठकीच्या सुरुवातीला पुस्तक आवडले का हा प्रश्न विचारू नये. ठरवलेल्या घटनेचे दोन उतारे दोघांनी मोठ्याने वाचावेत, आणि सूत्रधाराने विचारावे की या दोघांपैकी कोणाचे खरे मानायचे आणि कोणत्या वाक्यावरून. त्यानंतर न बोलणाऱ्या व्यक्तीकडे वळावे; ‘घरे-बाइरे’ घेतली असेल तर बिमलाच्या विधवा मधल्या जाऊबाईंकडे. बिमला आणि निखिलेश या दोघांच्याही निवेदनात त्या येतात. बिमलाला त्या सुरुवातीला खोचक आणि मत्सरी वाटतात, तर निखिलेशला त्या लहानपणापासूनची सोबतीण आहेत. त्यांना एक प्रकरण मिळाले असते तर त्यांनी पहिल्यांदा काय सांगितले असते, हे प्रत्येकाने पाच ओळींत लिहून आणावे असे आधीच सांगून ठेवावे. ते कागद वाचले जाऊ लागले की बैठकीला दिलेले दोन तास अपुरे पडतात, म्हणून सभागृह किंवा दिवाणखाना अडीच तासांसाठी मागून ठेवावा.